तीन तडे आणि एक भोक

फोरमनसाहेबांनी प्लास्टिकला आयुष्यात कधी मान दिला नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी बॉयलर जोडले होते. त्यांनी मारलेला सांधा फुटला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, निदान त्यांच्यासमोर तरी कुणी तसं बोललं नव्हतं. निवृत्त होऊन सात वर्षं उलटली तरी गल्ली त्यांना फोरमनसाहेबच म्हणे, आणि त्याच न्यायाने त्यांच्या बायकोला फोरमनीणबाई. बाईंनी कारखान्याचं फाटक आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, तेही बाहेरून.

घरात मात्र जे मोडायचं ते नेमकं प्लास्टिकचंच. बादलीचा कान, टोपलीची कड, न्हाणीतल्या स्टुलाचा पाय. फोरमनीणबाई शेगडीवर जुनी सुरी तापवायच्या, फुटक्या मगाचे तुकडे वितळवून भेगेत भरायच्या आणि वस्तू पुन्हा कामाला लावायच्या. फोरमनसाहेब याला ‘चिकटकाम’ म्हणत. सांधा कशाला म्हणतात हे लोखंडात हात घातल्याशिवाय कळत नाही, असं ते पाहुण्यांना ऐकवत. बाईंनी सांधलेली बादली ते स्वतः गेली अकरा वर्षं रोज सकाळी डोक्यावर उपडी करत होते, पण ती गोष्ट त्यांच्या लेखी निराळी होती.

अशात एका सकाळी लेकीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांची सूर्यफुलाच्या तेलाची गिरणी होती. दोन यंत्रं, एक शेड आणि निघालेलं तेल निवळायला ठेवायची पाचशे लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी, एवढाच पसारा.

“बाबा, टाकीला तडे गेलेत,” लेक म्हणाली. “तीन. बियांची पोती येऊन पडलीत आणि तेल ठेवायला जागा नाही. थांबा, मामंजी बोलतायत.”

व्याही फोनवर आले. ते फार मऊ बोलणारे गृहस्थ होते. कुणाच्या पायावर आपला पाय पडला तर माफी मागायचेच, पण त्याचा पाय आपल्या पायावर पडला तरीही तेच आधी माफी मागायचे.

“फोरमनसाहेब, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता,” ते म्हणाले. “पण तुमच्यासारखा जाणकार घरात असताना बाहेरच्याला हात लावू देणं बरं दिसत नाही.”

फोरमनसाहेबांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांना जड जाईल इतकी फुगली. “अहो, प्लास्टिकच ना,” ते म्हणाले. “अर्ध्या दिवसाचं काम.”

फोन ठेवून ते वळले, तर बाई कपाटातून पिशवी काढत होत्या.

“तू कुठे?”

“लेकीकडे. तुम्ही टाकी बघा, मी तिला बघते.”

गिरणीवर पोचल्यावर फोरमनसाहेबांनी चहाही नंतर घेतला, आधी टाकी पाहिली. शेडच्या कोपऱ्यात लोखंडी घोडीवर ती बसवलेली होती. तळापासून वीतभर वर पितळी नळ, आणि त्या नळाच्या आसपास तीन तडे. तिन्हीतून तेल पाझरून खाली ठेवलेल्या परातीत थेंब थेंब पडत होतं. शेडभर भाजलेल्या बियांचा वास होता. फोरमनसाहेबांनी टाकीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, आणि बॉयलरच्या वेळी करत तसा चेहरा केला.

“माल हलका,” ते म्हणाले. “उन्हाने तडकलीय.”

“शेडमध्ये ऊन येत नाही पण,” लेक म्हणाली.

“उष्म्याने.”

व्याही म्हणाले, “असेल, असेल,” आणि चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली.

टाकीतलं उरलंसुरलं तेल डब्यांत काढलं. फोरमनसाहेबांनी पिशवीतून भेगा बुजवायची, दोन गोळ्या एकत्र मळून लावायची लांबी काढली. ही लांबी दगडासारखी घट्ट होते, हे त्यांनी मळता मळता दोनदा सांगितलं. तिन्ही तड्यांवर त्यांनी तिचे लांबट लोळे थापले, अंगठ्याने गुळगुळीत केले, आणि उद्या सकाळपर्यंत कुणी टाकीकडे बघायचंसुद्धा नाही असा हुकूम सोडला. रात्रीच्या जेवणात व्याह्यांना त्यांनी एका बॉयलरची हकिगत सांगितली. व्याह्यांनी ती पूर्वी चार वेळा ऐकली होती. त्यांनी पाचव्यांदाही योग्य त्या ठिकाणी “मग?” विचारलं.

सकाळी सगळे शेडमध्ये जमले. लांबी खरोखरच दगडासारखी झाली होती. फोरमनसाहेबांनी ती किती घट्ट बसलीय हे दाखवायला नखाने एका टोकाला जरा उचकटलं, आणि अख्खा लोळा बशीतून बिस्किट उचलावं तसा त्यांच्या हातात आला. मग दुसरा आला. तिसऱ्याला तर त्यांनी हातही लावला नाही, तो आपला आपणच परातीत पडला.



“घट्ट झालीय मात्र,” व्याही लोळा हातात घेऊन म्हणाले. “दाराला अडणा म्हणून चालेल.”

ते चेष्टा करतायत की खरंच कौतुक करतायत, हे फोरमनसाहेबांना कळेना. व्याह्यांचं हे नेहमीचंच होतं.

“याला उष्णता द्यावी लागणार,” फोरमनसाहेब म्हणाले आणि पिशवीतून ब्लो लॅम्प काढला.

लोखंडाला लाल व्हायला वेळ लागतो. लाल झाल्यावर ते तसंच थांबतं, माणसाला विचार करायला सवड देतं. प्लास्टिकने ती सवड दिली नाही. निळी ज्योत तड्याजवळ जाते न जाते तोच तिथला पांढरा भाग आधी काचेसारखा झाला, मग मऊ पडला, मग आत ओघळला. आत चिकटून राहिलेल्या तेलाचा काळा धूर वर आला. फोरमनसाहेबांनी ज्योत मागे घेतली तेव्हा तड्याशेजारी लिंबाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून टाकीची पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

धूर बघून विहीणबाई आणि फोरमनीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. विहीणबाईंनी भोक बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून परत गेल्या. त्यांना ठसका लागला असावा. बराच वेळ लागलेला होता.

“आतलं बघायला सोपं झालं,” व्याही म्हणाले.

फोरमनीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या टाकीजवळ उकिडव्या बसल्या. तड्यावरून बोट फिरवलं, बोट हुंगलं, पदराला पुसलं. “तेल आत मुरलंय,” त्या म्हणाल्या. “यावर काय चिकटणार?” मग उठून, “जेवायला चला, वाढलंय,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

जेवताना फोरमनसाहेबांनी बॉयलरचं नाव काढलं नाही.

दुपारी घर आडवं झालं. यंत्रं बंदच होती, त्यामुळे शेडमध्येही सामसूम होती. फोरमनसाहेब टाकीसमोरच्या बाकावर एकटेच बसले होते. भोक त्यांच्याकडे बघत होतं आणि ते भोकाकडे. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून वस्तू दुरुस्त होण्याऐवजी जास्त बिघडली असं एकदाही झालं नव्हतं. आता हे व्याह्यांच्या घरात व्हावं, लेकीच्या डोळ्यांदेखत व्हावं, आणि व्याह्यांनी वर त्यांना भाजीही आग्रहाने दोनदा वाढावी, हे त्यांना फार लागलं. व्याही चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना कारखान्याने शिकवलं होतं.

अर्ध्या तासाने ते उठले आणि मागच्या ओसरीवर गेले. फोरमनीणबाई लेकीच्या झंपराला बटण लावत बसल्या होत्या.

“अगं,” फोरमनसाहेब म्हणाले. मग खांबाकडे बघत म्हणाले, “आपली ती बादली. न्हाणीतली. ती तू कशी सांधली होतीस?”

बाईंनी मान वर केली नाही. “तुम्ही समोरच बसला होतात की.”

“पेपर वाचत होतो.”

“अकरा वर्षं?”

बाईंनी दोरा दाताने तोडला, सुई गुंडाळीला टोचली, आणि म्हणाल्या, “कढत पाणी लागेल. भरपूर. आणि सोडा.”

पुढची सगळी दुपार फोरमनसाहेबांना कुणीतरी हाताखाली घेतलं होतं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे सुरुवातीला त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. टाकी आडवी करून सोड्याच्या कढत पाण्याने आतून बाहेरून तीनदा धुतली. मग चिंधी भिजवून तड्यांत घातली, खसाखसा पुसली, पुन्हा पुसली. चिंधी कोरडी आणि पांढरीची पांढरी बाहेर येईतो बाई पुढे जायला तयार होईनात.

“झालं की आता,” फोरमनसाहेब म्हणाले.

“हात लावून बघा. घसरतंय अजून.”

त्यांनी हात लावून बघितला. घसरत होतं.

टाकी कोरडी झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता या तड्यांच्या टोकांना बारीक भोकं पाडायची. नाहीतर आपण सांधत राहू आणि तडा पुढे पळत राहील.”

फोरमनसाहेब थबकले. “हे लोखंडातही करतात,” ते म्हणाले.

“करत असतील.”

“तडा गोल भोकापाशी येऊन थांबतो.”

“म्हणूनच पाडायचं ना.”

त्यांनी गिरमिट घेतलं आणि तिन्ही तड्यांच्या टोकांना अशी सुबक भोकं पाडली, की बाईंनीही “हं” म्हटलं. मग त्या म्हणाल्या, आता तड्याच्या दोन्ही कडा तिरक्या तासून खाच करायची, म्हणजे भरलेला माल आतपर्यंत जाईल. फोरमनसाहेबांचा चेहरा उजळत चालला. खाच त्यांनी हजारो वेळा केली होती. ती किती खोल, किती रुंद, हे त्यांच्या हातांना विचारावं लागत नव्हतं. त्यांनी कानस काढली आणि कामाला लागले. तेवढ्यात व्याही उठून शेडमध्ये आले, त्यांच्यामागे लेकही आली.

“आणि भरायचं काय?” फोरमनसाहेबांनी विचारलं.

“जातीचं. त्याच जातीचं नसेल तर नुसतं वरवर बसतं, उद्या सुटतं.”

बाईंनी टाकीची एक सालटी काडीपेटीच्या ज्योतीवर धरली, विझवली आणि सगळ्यांना हुंगायला दिली. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास होता. मग कोपऱ्यातल्या एका फुटक्या तेलाच्या कॅनची सालटी जाळली. तोच वास, तसेच मेणासारखे थेंब. दुसऱ्या एका डब्याच्या सालटीने काळाकुट्ट धूर सोडला, तो त्यांनी बाजूला ठेवला. चांगल्या कॅनच्या त्यांनी कात्रीने बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या.

फोरमनसाहेब पट्टी हातात घेऊन उभे राहिले. “खाच करायची, जातीचा माल वितळवून भरायचा, दोन्ही कडा वितळवून एकजीव करायच्या,” ते हळूहळू म्हणाले. “मग हे वेल्डिंगच की.”

“मी कधी नाही म्हटलं?” बाई म्हणाल्या. “चिकटकाम तुम्ही म्हणत होतात.”

लेक खोकल्यासारखं काहीतरी करून भिंतीकडे वळली.

शेगडी शेडच्या दारात मांडली. दोन जाड सुऱ्या आळीपाळीने तापवून बाईंना द्यायचं काम फोरमनसाहेबांकडे आलं. बाई एका हाताने पट्टी खाचेवर धरत, दुसऱ्या हाताने तापलेली सुरी पट्टी आणि टाकी यांच्या मधोमध सरकवत, आणि दोन्ही मऊ झाले की सुरीच्या पाठीने दाबत. सुरी जास्त तापली तर प्लास्टिक पिवळं पडे, कमी तापली तर ओढल्यासारखे तंतू येत. “आणा,” त्या म्हणत. “थांबा. ही फार झाली, जरा वाऱ्यावर धरा. फुंकू नका, राख उडते.” फोरमनसाहेब आणत होते, थांबत होते, आणि फुंकत नव्हते. व्याही बाकावर बसून हे सगळं अत्यंत आदराने बघत होते.

तिसऱ्या तड्याशी आल्यावर बाई नळाच्या भोकाजवळ वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

“हे तिन्ही तडे इथून निघालेत,” त्या म्हणाल्या. “नळाच्या आट्यांपासून. उन्हाबिन्हाचं काही नाही. कुणीतरी नळ फार आवळलाय. तोही हाताने नाही, पान्ह्याने.”

व्याह्यांना अचानक दाराबाहेर काहीतरी पाहण्यासारखं दिसलं. लेक पट्ट्या मोजू लागली.

फोरमनसाहेबांच्या हातात तापलेली सुरी होती. ती तशीच राहिली. त्यांना दीड महिन्यापूर्वीची दुपार आठवली. ते सहज लेकीला भेटायला आले होते. नळातून एक थेंब, पाच मिनिटांनी एक थेंब, असं गळत होतं. कुणी सांगितलं नसताना त्यांनी मोठा पाइप पान्हा मागवून घेतला होता, दोन्ही हातांनी जोर लावून नळाला दीड फेरा दिला होता, आणि हात झटकत म्हटलं होतं की हा आता जन्मात गळणार नाही. प्लास्टिक तेव्हा किंचित करकरलं होतं. ते त्यांना पितळ बसल्याचा आवाज वाटला होता.

“सुरी गार होतेय,” बाई म्हणाल्या.

“तो मी होतो,” फोरमनसाहेब म्हणाले.

ते व्याह्यांकडे वळले.

“व्याहीबुवा, तुम्हाला माहीत होतं.”

“छे, छे,” व्याही दाराकडेच बघत म्हणाले. “आम्हाला काय कळतंय त्यातलं. आणि खरं सांगायचं तर तुमचं म्हणणं खोटं ठरलं नाही. नळ अजूनही गळत नाही. नळाच्या भोवतालचं सगळं गळतं, एवढंच.”

आता लेकीला हसू आवरेना. ती पट्ट्यांच्या ढिगातच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. फोरमनसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. लाजेने त्यांचे कान गरम झाले होते. पण सकाळपासून छातीवर जो धोंडा होता, तो उतरल्यासारखंही वाटत होतं.

“मग मलाच का बोलावलंत?” त्यांनी विचारलं. “दुसरा कुणी बोलावायचा. मला चार शब्द सुनवायचे.”

व्याह्यांनी सुनेकडे बघितलं, म्हणून लेकच बोलली.

“बाबा, आम्हाला आई हवी होती,” ती म्हणाली. “मी मामंजींना सांगितलं, आमची बादली जिने सांधली तीच हे करू शकेल. पण टाकीसाठी आईला बोलावलं आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही वर्षभर इकडे फिरकला नसता. तुम्हाला बोलावलं की आई येतेच.”

“म्हणजे मी आईला घेऊन यायला,” फोरमनसाहेब म्हणाले.

“तसं नाही,” व्याही घाईने म्हणाले. “तुमची भोकं फार सुबक आहेत. म्हणजे, बारीकवाली.”

फोरमनसाहेबांनी सुरी पुन्हा शेगडीवर ठेवली. ती तापेपर्यंत ते निखाऱ्यांकडे बघत बसले, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. बाईंना आधी वाटलं, माणूस रडतोय की काय. पण ते हसत होते. मोठ्याने हसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जरा जुन्या पंपासारखं वाजत होतं, पण हसू खरं होतं.

मोठ्या भोकासाठी बाईंनी कॅनची गोल चकती कापली, आतून लावली आणि कडेने सगळीकडून एकजीव केली. वर आणखी एक पट्टीचं वेटोळं दिलं. नळाच्या भोकाभोवती जाडी यावी म्हणून दुहेरी चकती बसवली. काम संपलं तेव्हा टाकी काही देखणी दिसत नव्हती. त्या बाजूला तिला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ पाण्याने भरली आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं. तासाभराने बघितलं, तर मधल्या तड्याच्या खालच्या टोकाला मोहरीएवढा थेंब आला होता. फोरमनसाहेबांचा जीव खाली-वर झाला. बाईंचा झाला नाही. त्यांनी पाणी काढायला लावलं, तेवढी जागा तासली, पुन्हा भरली. यावेळी पाणी संध्याकाळपर्यंत तसंच राहू दिलं. कागद कोरडा निघाला, आणि व्याह्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला. का ते त्यांनाच माहीत. तिसऱ्या दिवशी यंत्रं सुरू झाली.

त्याच दुपारी शेजारच्या रंगाच्या कारखान्याचा मालक एक चिरलेलं प्लास्टिकचं पिंप घरंगळत घेऊन आला. त्याला बातमी लागली होती.

“फोरमनसाहेब, एवढं जरा बघता का,” तो म्हणाला.

फोरमनसाहेबांनी पिंपावर पेरांनी टकटक केलं, पण कान लावला नाही. “लोखंडाचं काही असेल तर माझ्याकडे आणा,” ते म्हणाले. “हे यांच्याकडे.” आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, येतेस का, तुझ्याकडे काम आलंय.”

मालकाला वाटलं, साहेब गंमत करतायत. बाई पदराला हात पुसत आल्या, पिंपाभोवती एक फेरी मारली, आणि आधी सोड्याचं पाणी तापवायला सांगितलं. मालकाने फोरमनसाहेबांकडे बघितलं, तर ते शेगडी पेटवायला निघाले होते.

दोघं चार दिवसांनी घरी परतले. आल्या आल्या फोरमनसाहेबांनी बाईंना उजवी मूठ वळायला सांगितली आणि ती टेपने मोजली. मग मागच्या पडवीत ते तीन दिवस ठोकाठोक करत होते. बॉयलरच्या पत्र्याच्या तुकड्यापासून त्यांनी सांधायचं खास हत्यार घडवलं. पुढे चपटं पातं, मागे लाकडी मूठ. बाईंनी ते हातात घेऊन तोललं.

“याने बादली सांधायची का कुणाला मारायचं?” त्यांनी विचारलं.

ते हलकं करून आणलं. मग पातं रुंद झालं म्हणून परत गेलं. तिसऱ्या खेपेला बाईंनी ते दोनदा हवेत फिरवून बघितलं, काही न बोलता शेगडीवर ठेवलं आणि शेजारणीची मोडकी खुर्ची ओढून घेतली. फोरमनसाहेबही स्टूल घेऊन अगदी जवळ बसले. पातं किती तापलं की घ्यायचं, रंग कोणता दिसला पाहिजे, दाब किती द्यायचा, खाच एवढी खोल का, या बाजूला आधी का, सुटलं तर काय, असं त्यांनी सुरू केलं. बाईंनी पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं दिली. सातव्याला त्यांनी पातं पुन्हा शेगडीवर ठेवलं आणि त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून सोडा आणायला पाठवलं. घरात सोड्याचे दोन पुडे होते.